पसंती, ज्येष्ठतेनुसार

माणसाने दुप्पट पैसे मोजून स्वतःला 'बाहेरचा' म्हणवून घ्यावे, हा व्यवहार अधीक्षकबाईंच्या बुद्धीला पहिल्या दिवसापासून मान्य नव्हता. नदीपलीकडच्या कॉलेजाने पाठवलेल्या फीच्या तक्त्यात दोन रकाने होते. एकावर 'राज्यातील विद्यार्थी' असे लिहिले होते, दुसऱ्यावर 'बाहेरील विद्यार्थी', आणि दुसऱ्या रकान्यातला आकडा पहिल्याच्या बरोबर दुप्पट होता. बाईंनी चष्मा पुसून तक्ता पुन्हा वाचला. एवढी रक्कम घेतल्यावर निदान 'पाहुणे' तरी म्हणायचे, असे त्या म्हणाल्या, आणि तक्ता टेबलावर पालथा घातला.

प्रश्न नातीचा होता. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण लहानपणापासून ती आवाज न करता कामाला लागलेली असे. शाळा संपली होती, गुण असे पडले होते की कुठलेही दार उघडावे, आणि तिला कॉम्प्युटर सायन्स शिकायचे होते. दारे दोन होती. एक गावातलेच सरकारी कॉलेज, बाजाराच्या मागे, घरापासून चालत अकरा मिनिटांवर. बाईंच्या चालीने नऊ. दुसरे पूल ओलांडून, शेजारच्या राज्यात, बसने पन्नास मिनिटांवर.

सुट्टीत मुंगी त्या पलीकडच्या कॉलेजात आठवडाभराच्या शिबिराला जाऊन आली होती. तिथल्या एका प्राध्यापिकेने मुलांना कॉम्प्युटरला ऐकायला कसे शिकवायचे ते दाखवले होते. घरी परतल्यावर मुंगीने जिन्याशी एक छोटा माइक लावला आणि चार दिवस पावलांचे आवाज गोळा केले. पाचव्या दिवसापासून, कोणी जिना चढू लागले की तिचा कॉम्प्युटर आधीच सांगू लागला: बाबा. आई. दूधवाला. 'आजी' हा शब्द उमटला की घरातले सगळे पाय खाली घेऊन सरळ बसत. या शोधाचा उपयोग काय, ते घरात फक्त बाईंना ठाऊक नव्हते. आपले घर मुळातच सरळ बसणारे आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

बाईंनी एकतीस वर्षे एका मोठ्या कचेरीच्या आस्थापना शाखेत काढली होती, त्यातली चौदा अधीक्षक म्हणून. कोण कोणाहून ज्येष्ठ, कोणाची बढती आधी, हे ठरवणारी ज्येष्ठता यादी त्या स्वहस्ते करीत. त्यांच्या याद्यांविरुद्ध एकोणीस जण वरपर्यंत भांडले आणि एकोणीसच्या एकोणीस जण हरले. निवृत्तीनंतर कचेरी सुटली, यादी सुटली नाही. वाणसामानाची, धोब्याची, पाहुण्यांना फोन करण्याची, सगळ्यांची यादी होई आणि तिची एक कार्यालयीन प्रत बाईंच्या कपाटात जाई. मुंगी आठ वर्षांची असताना वाणसामानाच्या यादीत 'साबण' दोनदा आलेला तिला दिसला, आणि तिने त्यातला एक पेन्सिलीने खोडला. बाईंनी ती यादी तिच्याकडून दहा वेळा उतरवून घेतली. खाडाखोड झालेला कागद हा कागद राहत नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. त्या महिन्यात घरात दुप्पट साबण आले. साबण काही वाया जात नाही, असे बाई त्यावर म्हणाल्या होत्या.

तर, जेवणाच्या टेबलावर बैठक भरली. बाईंचे चिरंजीव 'बघू' म्हणाले. चिरंजीव विमा कचेरीत होते आणि बघणे हाच त्यांचा व्यवसाय होता. सूनबाईंनी पानाकडे बघत, तिला तिकडचं फार आवडलंय हो, एवढे सांगितले. मग बाईंनी खुद्द अर्जदाराला विचारले.

"मला पलीकडचं आवडेल, आजी," मुंगी म्हणाली. "पण तू म्हणशील ते."

बाईंनी दुसरे वाक्य तेवढे ऐकले. अधिकारी माणसाला बहुधा दुसरेच वाक्य ऐकू येते. गावातले कॉलेज ठरले. फी निम्मी, मूल घरी, आणि आपल्याच राज्यात आपल्याला कोणी बाहेरचे म्हणणार नाही. यात चूक काढायला जागा नव्हती, आणि आजही, फक्त कागदावर पाहिले तर, नाही.

ही बातमी इमारतीत पसरायला एक जिना पुरला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त रोखपाल खाली आले आणि त्यांनी दोन्ही जागा धरून ठेवायचा सल्ला दिला. पलीकडच्या कॉलेजाने जागा देऊ केलेलीच होती, शुक्रवारपर्यंत थोडे पैसे भरून ती राखता येत होती. इकडचा निकाल सोमवारी लागणार होता. इकडचे पक्के झाले की तिकडचे सोडायचे, थोडे पैसे बुडतील तर बुडतील. बाईंना हे ऐकूनच वाईट वाटले. एका पदावर दोन नेमणुका होत नाहीत, हे एका रोखपालाला सांगावे लागावे याचे त्यांना नवल वाटले. शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंचे मत होते की मुलीला लांबच पाठवा, लांब गेली की कणखर होते. हे मत त्या स्वतःच्या तीस वर्षांच्या मुलाच्या शर्टाला बटण लावता लावता देत होत्या. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला दर प्रतीमागे एक सल्ला फुकट देई. एका बाजूची प्रत असली तर एका बाजूचा, पाठपोट असली तर दोन्ही बाजूंचा.

राज्यातल्या फीसाठी राज्यात राहतो याचा दाखला लागत होता. बाईंना यात अडचण दिसेना. त्या त्याच घरात सत्तेचाळीस वर्षे राहत होत्या. त्यांनी विजेचे बिल, पाण्याचे बिल आणि घरपट्टीची पावती असे तिन्ही कागद टाचणीने एकत्र केले आणि दाखल्याच्या खिडकीवर ठेवले. खिडकीतल्या कारकुनाने तिन्ही कागदांवरचे नाव वाचले.

"हे कोण?"

"माझे यजमान."

"त्यांना स्वतः यावं लागेल, सही लागते."

"त्यांना येता येणार नाही."

"आजारी आहेत का?"

"आता नाहीत," बाई म्हणाल्या.

कारकुनाला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. अकरा वर्षे झाली होती, पण बाईंनी बिलांवरचे नाव बदलून घेतले नव्हते. दर महिन्याला दारात त्यांच्या नावाने काहीतरी येते, एवढे ते कारण होते, आणि ते कोणत्याही अर्जात लिहिण्यासारखे नव्हते. कारकुनाने समजावून सांगितले की कागदोपत्री त्या घरात एक गृहस्थ राहतात, जे हयात नाहीत, आणि बाकी जी चार माणसे प्रत्यक्ष राहतात ती कागदोपत्री कुठेच राहत नाहीत. एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या सेवापुस्तकातल्या त्रुटी काढणाऱ्या बाईंना ही त्रुटी घेऊन खिडकीवरून परत फिरावे लागले. झेरॉक्सवाल्याने त्या दिवशी प्रत फुकट दिली, ते त्यांना अधिकच लागले.

पुढचे नऊ दिवस बाईंनी तीन कचेऱ्यांत काढले. विजेच्या कचेरीने पाण्याच्या कचेरीचे पत्र मागितले, पाण्याच्या कचेरीने घरपट्टीचे, आणि घरपट्टीच्या साहेबांनी विजेचे. बाई डगमगल्या नाहीत. चौथ्या फेरीला दाखल्याच्या खिडकीशी उभ्या असताना त्यांना कारकुनाच्या आवक नोंदवहीत एकाच क्रमांकावर दोन अर्ज चढलेले दिसले. त्यांनी ते दाखवून दिले, मग आत जाऊन, खुर्ची ओढून, मार्चपासूनची नोंदवही लावून दिली. त्या दिवसापासून कारकून त्यांना मॅडम म्हणू लागला आणि दाखला दुसऱ्या दिवशी हातात पडला. मुंगी त्या घरात राहते हे सरकारने मान्य केले. बाईंनी दाखल्याला पारदर्शक पिशवी घातली आणि घरी येऊन टेबलावर मधोमध ठेवला. विजय मोठा होता. असा विजय झाला की माणूस पुढच्या पायरीला जरा बेसावध होतो, हे बाईंना पुढे पुष्कळदा आठवले.

पुढची पायरी होती पसंतीचा फॉर्म. राज्यात हा विषय शिकवणारी बावीस कॉलेजे होती आणि त्यांची नावे पसंतीने, एकाखाली एक, कॉम्प्युटरवर भरायची होती. मुंगी कळफलकाशी बसली, बाई शेजारी वही घेऊन. मुंगीने पहिल्या ओळीत गावातल्या कॉलेजाचे नाव टाइप करायला घेतले, तोच बाईंनी तिचा हात थांबवला.

बावीस संस्थांची यादी करायची आणि परवापरवा निघालेली संस्था सर्वांत वर, हे बाईंच्या हातून होणे शक्य नव्हते. यादी म्हटली की ती ज्येष्ठतेनुसार. आपली निवड कोणती, ते सांगायला शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. कचेरीत यादी सगळ्यांचा मान राखी आणि निर्णय शेरा करी. एकतीस वर्षांत याला अपवाद झाला नव्हता. आणि खरोखरच, फॉर्मच्या तळाशी एक रकाना रिकामा होता. आम्हाला काही सांगायचे आहे का, असे त्यावर लिहिले होते. बाईंना तो प्रश्न सभ्य वाटला.

मग दोन दिवस स्थापनेच्या तारखा जमवण्यात गेले. दोन कॉलेजे एकाच वर्षी निघालेली होती; बाईंनी दोन्हीकडे फोन करून पहिला वर्ग कोणत्या दिवशी भरला ते विचारले. एका ठिकाणच्या शिपायाने आजोबांना विचारून सांगतो म्हटले आणि खरोखर सांगितले. यादी देखणी झाली. अग्रस्थानी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचे, बसने तेरा तासांवरचे, सर्वांत जुने कॉलेज आले. गावातले कॉलेज चौदावे आले. तळच्या रकान्यात बाईंनी सांगितले आणि मुंगीने लिहिले: 'वरील यादी ज्येष्ठतेनुसार केलेली असून अर्जदाराची पसंती अनुक्रमांक चौदा यास आहे. तरी त्याप्रमाणे व्हावे.'

मुंगीची बोटे कळफलकावर थांबली होती. "आजी, एक विचारू?"

"आधी यादी पुरी होऊ दे."

यादी पुरी झाली, तेव्हा मुंगीच्या फोनवर सहा आकडे आले आणि ते तीन मिनिटांत भरायचे होते. ते तिने भरले. विचारायचे राहून गेले, किंवा त्या वेळी बाईंना तसे वाटले.

शुक्रवारी बाईंनी पलीकडच्या कॉलेजाची जागा रीतसर नाकारली. एक बटण दाबून ती नाकारता येत होती आणि मुंगीने ते दाबलेही. दाबून झाल्यावर ती काही वेळ पडद्याकडे बघत राहिली, मग माइकची वायर गुंडाळू लागली. पण दिलेली जागा बटणाने नाकारणे बाईंना असभ्यपणाचे वाटले. त्यांनी 'आपल्या संस्थेने दाखवलेल्या विश्वासाबद्दल हे कुटुंब ऋणी आहे' असे सुरू होणारे दीड पानी पत्र लिहिले आणि रजिस्टर पोस्टाने पाठवले. रोखपाल जिन्यात भेटले तेव्हा बाईंनी पोस्टाची पावती त्यांना दाखवली. रोखपाल काही म्हणाले नाहीत. पैशाच्या खिडकीमागे आयुष्य गेलेला माणूस गप्प बसला की समजावे, कुठेतरी पाणी मुरते आहे. बाईंनी ते समजून घेतले नाही.

सोमवारी निकाल लागला. मुंगीला पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले होते. पडद्यावर अभिनंदनही होते, त्याभोवती फुगे.

चिरंजीव प्रथमच 'बघू' म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "तेरा तास?"

बाई उठल्या, दाखल्याची पिशवी काखोटीला मारली आणि प्रवेशाच्या मदत केंद्रावर गेल्या. तिथे नातीहून थोडी मोठी एक मुलगी बसली होती. ती अदबीने बोलली, त्यामुळे भांडताही येईना. तिने सांगितले की क्रम हीच पसंती, आणि पहिली पसंती मिळाली की जागा कायम होते, पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. बाईंनी तळच्या रकान्याकडे तिचे लक्ष वेधले. मुलीने पडद्यावर पाहिले. तो रकाना संकेतस्थळ वापरायला सोपे वाटले का, हे कळवण्यासाठी होता. बाईंचा अभिप्राय मिळाला होता आणि त्याबद्दल सर्वांना जाते तसे आभाराचे उत्तरही गेले होते.

"म्हणजे माझा शेरा कोणी वाचलाच नाही?"

"वाचायला तिथे कोणी नसतं हो, आजी," मुलगी म्हणाली. "मशीन फक्त वरून खाली जातं."

बाईंना त्या क्षणी राग आला नाही. वरून खाली जाणारी आणि शेरा न वाचणारी माणसे त्यांनी पुष्कळ पाहिली होती. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कारकुनांना त्यांनी स्वतःच तसे शिकवले होते. त्यांना एवढेच वाटले की जरा बसावे, आणि तिथे खुर्ची नव्हती.

घरी येऊन त्यांनी, कोणाला न सांगता, स्वतः पलीकडच्या कॉलेजाला फोन लावला. उचलणाऱ्या बाई त्यांचे नाव ऐकताच ओळखीचे बोलल्या. ती जागा शनिवारीच पुढच्या मुलाला गेली होती. काही इलाज नव्हता. पण पत्र पोचले होते. असे पत्र आमच्याकडे आजवर कोणी पाठवले नाही, असे सांगून त्या म्हणाल्या की प्राध्यापिकाबाईंनी ते फलकावर लावले आहे, मुलांनी वाचावे म्हणून. बाईंनी आभार मानले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मुंगी गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत होती. बाई तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडे पुलाचा एक तुकडा दिसत होता, त्यावरून बस जात होती.

"फॉर्म भरताना तू काही विचारणार होतीस."

"हो."

"काय?"

मुंगीने हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली. "हेच. की क्रमच पसंती धरतात. वरच लिहिलं होतं, आजी, ठळक अक्षरांत."

"म्हणजे तुला दिसलं होतं."

"दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी यादी होती." तिच्या बोलण्यात ना टोमणा होता ना रुसवा, आणि तेच बाईंना सोसवेना. "मला वाटलं, तू काहीतरी विचार केला असशील."

एकोणीस जण त्यांच्या यादीविरुद्ध भांडले होते. त्या माणसांची त्यांना आयुष्यभर चीड होती, आणि आज त्यांतले एखादे तरी या घरात जन्माला यायला हवे होते, असे त्यांना वाटले. मुंगी बोलली असती तर आपण काय केले असते, हाही प्रश्न त्यांनी स्वतःला विचारून पाहिला. उत्तर त्यांना माहीत होते. मुंगीने यादी दहा वेळा उतरवली असती.

निघायला आठ दिवस होते. वसतिगृहात न्यायच्या सामानाची यादी बाईंनी केली, त्रेचाळीस वस्तूंची. कचेरीत नव्या माणसाची नजर तपासायची असली की त्या यादीत मुद्दाम एक चूक पेरून ठेवत. जो ती शोधून काढी त्याच्याकडे पुढची कामे जात. या यादीत त्यांनी नवव्या क्रमांकावर 'बादली, एक' लिहिले, आणि एकतिसाव्यावर, चादरी आणि छत्रीच्या मध्ये, पुन्हा 'बादली, एक' लिहिले. मग यादी मुंगीपुढे ठेवली आणि शेजारी लाल पेन्सिल ठेवली, टोक करून.

"नजर टाक जरा," त्या म्हणाल्या. "काही नको वाटलं तर खोड."

स्वयंपाकघरात सूनबाईंच्या हातातली पळी थांबली. असे वाक्य त्या घरात कोणी ऐकले नव्हते. मुंगीने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. एकतिसाव्या ओळीवर तिची नजर थांबली. बाईंनी ते पाहिले, एकतीस वर्षे त्यांनी दुसरे काय केले होते. पेन्सिल तिच्या हातापासून दोन बोटांच्या अंतरावर होती.

"बरोबर आहे सगळं," मुंगी म्हणाली, आणि यादी घडी करून खिशात ठेवली.

बस सकाळी सात वाजता होती. चिरंजीव आणि सूनबाई ट्रंक चढवत होते, रोखपाल निरोपाला आले होते, आणि शिवणकामवाल्या बाईंनी प्रवासासाठी एक उशी शिवून दिली होती. शेजारच्या फलाटाला पुलापलीकडची बस लागलेली होती, अर्धी रिकामी. मुंगी आली तेव्हा तिच्या एका हातात लाल बादली होती आणि दुसऱ्या हातात निळी. आजीच्या पाया पडायला तिने दोन्ही खाली ठेवल्या आणि मग पुन्हा उचलल्या. जिन्याशी पुन्हा लावलेला माइक कोणी काढू नका, असे तिने आईला सांगितले. मग ती बादल्या सांभाळत, पायरीला अडखळत, आत चढली. खिडकीतून तिने हात केला तो निळ्या बादलीसकट.

बस वळणाआड गेली. रोखपाल बराच वेळ तिकडे बघत होते.

"दोन बादल्या?" ते म्हणाले, आणि मग आपणच मान डोलावून पुढे म्हणाले, "तुम्ही काहीतरी विचार केला असणार."

बाईंनी पर्स उघडली, चष्म्याचा डबा चाचपला. तिथे लाल पेन्सिल होती, टोक शाबूत असलेली. त्यांनी पर्स मिटली.

"हो," त्या म्हणाल्या. "विचार केला होता."